बाकावरचा साधा माणूस

गुरुदत्त तळवडेकरांनी भर सभेत सांगून टाकलं, की बागेतल्या शिल्पाचं काम मी दोन महिन्यांत उरकून दाखवतो, कोणी काळजी करू नका. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं काढून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस. धरणं पुरी झालेली त्यांनी फारशी पाहिली नव्हती, पण धरणांच्या फायली पुऱ्या करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यामानाने एक शिल्प म्हणजे काय? तीन कोटेशनं, एक ठराव आणि एक टेम्पो. आवाज असा खणखणीत लागला की टाळ्या पडल्या. खरी गोष्ट एवढीच होती, की सभा पावणेतीन तास चालली होती, तळवडेकरांची कंबर धरली होती आणि कोणीतरी काहीतरी ठाम बोलल्याशिवाय माणसं उठतील असं दिसत नव्हतं.

तळवडेकर मूळचे कोकणातले, पण आयुष्य डोंबिवलीत गेलं. दोन खोल्यांत संसार झाला, मुलगा शिकला, त्याने घोडबंदर रोडवर ‘लगून क्रेस्ट’ नावाच्या संकुलात बाविसाव्या मजल्यावर घर घेतलं, आईबाबांना तिथे आणून बसवलं आणि स्वतः नोकरीसाठी बंगळुरूला निघून गेला. संकुलात चार उंच इमारती. बिल्डरने त्यांना खाडीवरच्या पक्ष्यांची इंग्रजी नावं दिली होती: फ्लेमिंगो, पेलिकन, किंगफिशर आणि एग्रेट. तळवडेकर एग्रेटमध्ये राहत. एग्रेट म्हणजे बगळा, हे त्यांना दोन वर्षांनी कळलं.

राहायला आल्यावर पहिल्याच सभेला ते सवयीने शर्टाच्या खिशाला पेन लावून गेले. दीडशे माणसांत पेन दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. त्या संध्याकाळी ते चारही इमारतींच्या फेडरेशनचे सेक्रेटरी झाले. तेव्हापासून पाण्याचा टँकर, बंद लिफ्ट, दुसऱ्याच्या जागेत लागलेली गाडी आणि तिसऱ्याच्या दारात बसलेलं कुत्रं, या सगळ्यासाठी लोक त्यांनाच फोन करत. फोन वाजला की त्यांची बायको नलिनी न बघताच सांगायची, कोणाच्या तरी नळाला पाणी नाही म्हणून.

यंदा बिल्डरने संकुलामागची नवी बाग एकदाची ताब्यात दिली. बाग झकास होती. हिरवळ, चालायला लाल पट्टा, मुलांसाठी घसरगुंडी. फक्त मधोमध एक गोल चौथरा होता आणि त्यावर काहीच नव्हतं. नकाशात तिथे ‘कलाकृती’ असं लिहिलेलं होतं. ती कलाकृती बिल्डरच्या कामात धरलेली नाही, हे ताबा घेतल्यावर उघड झालं. पंधरा दिवस त्या चौथऱ्यावर कुत्री झोपली. मग फेडरेशनचे अध्यक्ष महेंद्र कोठावळे म्हणाले की हे बरं दिसत नाही. कोठावळे मार्केटिंगमधले. समोरच्या संकुलात स्टीलचा डॉल्फिन बसवलाय, ही गोष्ट त्यांना बाल्कनीत उभं राहिलं की रोज दिसायची आणि रोज लागायची.

काय बसवायचं, यावर तीन सभा झाल्या. पहिलं नाव फ्लेमिंगोचं आलं. खाडीत ते येतातच, रंगही छान. पण पेलिकनवाल्यांनी हरकत घेतली की फ्लेमिंगो बसवला तर एकाच इमारतीची जाहिरात होईल. मग चार पक्षी बसवा, असं ठरत आलं, तेव्हा एग्रेटमधल्या एका गृहस्थांनी विचारलं की बाकीचे रंगीत आणि आमचाच पांढरा का. मग आई आणि मूल. तर बापाने काय घोडं मारलंय, असा प्रश्न आला. मग कोणीतरी थोर पुरुषाचा विषय काढला. तळवडेकरांनी सरकारी नोकरीतल्या अनुभवाने तो तिथल्या तिथे मिटवला, कारण थोर पुरुष प्रत्येकाचा वेगळा निघतो आणि सभा पोलीस चौकीत संपते, हे त्यांनी पाहिलेलं होतं.

तिसऱ्या सभेत, पावणेतीन तासांनी, तेच वैतागून म्हणाले, “एक साधा माणूस बसवा बाकावर. कोणाचाही पुतळा नको. आपला साधा माणूस, दमून बसलेला. शेजारी जागा ठेवा, म्हणजे लोक बसतील, फोटो काढतील.”

हरकत घेण्यासारखं त्यात कोणालाच काही सापडेना. ठराव एकमताने मंजूर झाला आणि मग तळवडेकरांनी ते दोन महिन्यांचं बोलून टाकलं.

शिल्पकार म्हणून त्यांना योगिनी आठवली. डोंबिवलीच्या जुन्या शेजाऱ्यांची मुलगी, लहानपणी जिन्यातल्या भिंतीवर खडूने माणसं काढायची आणि सगळ्या शेजाऱ्यांचा मार खायची. आता ती शिल्पकलेचं शिक्षण घेऊन एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या पाठीला लागून असलेल्या शेडमध्ये काम करत होती. फायबरचे पुतळे करायची, वरून ब्राँझचा रंग. तिचं कोटेशनही सगळ्यात कमी निघालं. ती म्हणाली, काका, माणूस करते मी, पण चेहरा कोणाचा? कोणाचाही नाही, असं तळवडेकरांनी बजावून सांगितलं. ती म्हणाली, कोणाचाही नाही असा चेहरा नसतो. ते म्हणाले, मग नाक एकाचं घे, कान दुसऱ्याचे घे, पण सभेत ओळखू येईल असं काही नको.

काम बघायला म्हणून तळवडेकर चार वेळा शेडवर गेले. घोडबंदर रोडवरून ठाणं गाठेपर्यंत दीड तास, कारण रस्त्यात कुठेतरी ट्रेलर बंद पडलेला असायचाच. पुढे डोंबिवली, मग रिक्षा, मग एमआयडीसीतला तो नाकात झोंबणारा वास. पोचेपर्यंत माणूस पिळून निघायचा. योगिनी म्हणायची, काका, पाच मिनिटं टेका, चहा सांगते. ते प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकत, कापडी पिशवी मांडीवर घेत, एक चप्पल पायातून सैल करत, आणि चहा येण्याच्या आत त्यांचा डोळा लागायचा. मधेच फोन वाजला की जागे होत, टँकरवाल्याशी किंवा लिफ्टवाल्याशी बोलत, परत मान टाकत. तासाभराने उठून समोरच्या मातीच्या ढिगाऱ्याकडे एकदा बघत आणि छान चाललंय म्हणून निघून येत. कधी त्यावर ओलं गोणपाट असायचं, कधी धड असायचं पण डोकं नसायचं. ते शेडमध्ये काम बघायला जात होते, की संकुलातल्या फोनांपासून लांब बसायला, हे त्यांनी स्वतःलाही कधी विचारलं नाही.

फायबरमध्ये करण्याआधीचं मातीचं काम पुरं झाल्यावर योगिनीने त्याचा फोटो पाठवला. त्या दिवशी तळवडेकरांच्या मोबाइलवर एकशे बेचाळीस मेसेज होते, त्यातले शंभरेक किंगफिशरच्या गळतीबद्दल. त्यांनी फोटो न उघडता कमिटीच्या ग्रुपवर पुढे ढकलला आणि खाली लिहिलं, मंजुरीसाठी. पाच मिनिटांत अकरा अंगठे आले. अध्यक्षांचा अंगठा पहिला होता.

उद्घाटनाला रविवार सकाळ धरली. शिल्प आदल्या रात्री कापडात गुंडाळूनच आलं आणि तसंच चौथऱ्यावर बसलं. प्रमुख पाहुण्या म्हणून आवडाबाई भोईरना बोलावलं. हे सगळं संकुल जिथे उभं आहे, ती भातशेती एके काळी भोईरांची. आवडाबाईंचं वय ऐंशीच्या पुढे. नातू मयूर फेडरेशनचा उपाध्यक्ष, पेलिकनमध्ये सहा फ्लॅटचा मालक आणि पांढऱ्याशुभ्र गाडीचा धनी. आवडाबाई मात्र अजून नऊवारीत, सकाळी अनवाणी बागेच्या हिरवळीवरून चालायच्या आणि मयूर मागून चपला घेऊन यायचा.

योगिनी वाटेत वाहतुकीत अडकली होती. कोठावळेंनी दहा मिनिटं भाषण केलं, त्यात डॉल्फिनला टोमणा मारला. आवडाबाईंच्या गळ्यात हार घातला आणि त्यांनी दोरी ओढली. कापड खाली आलं.

बाकावर तळवडेकर बसले होते.

नाक तळवडेकरांचं, कान तळवडेकरांचे, कपाळावरच्या तीन आठ्या त्यांच्याच. मांडीवर कापडी पिशवी, तिचे बंद मनगटाला गुंडाळलेले. एक चप्पल पायात, दुसरी अर्धी निघालेली. मान जरा डावीकडे कललेली, डोळे मिटण्याच्या बेतात, तोंड किंचित उघडं. आता कोणीतरी फोन करणार आणि हा माणूस दचकून हॅलो म्हणणार, इतका तो हुबेहूब होता.

कोणी टाळी वाजवली नाही. दोनशे माणसं एकदा पुतळ्याकडे आणि एकदा चौथऱ्याच्या पायरीशी उभ्या असलेल्या तळवडेकरांकडे बघत होती. तळवडेकर स्वतः पुतळ्याकडे बघत होते. पुढे काय होणार याची भीती होतीच, पण त्याच्याही आधी मनात आलं ते वेगळंच. आपण इतके दमलेले दिसतो, हे आपल्याला आजवर कोणी सांगितलं कसं नाही?

आवडाबाई पुढे झाल्या, डोळे बारीक करून पुतळ्याला निरखलं आणि हळहळल्या.

“यो तं आपला सेक्रेटरी. बिचारा कवा गेला? मना कोनी सांगला पन नाय.”

मयूर कानाशी लागून सांगेपर्यंत त्यांनी आपल्या गळ्यातला हार काढून पुतळ्याला घातलाही होता, आणि हातही जोडले होते. शंभरेक मोबाइलांनी त्याचे फोटो काढले. तळवडेकरांना वाटलं, पुढे होऊन काहीतरी बोलावं. पण जिवंत असल्याचं निवेदन कसं करतात, हे छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कधी लागलं नव्हतं.

दुपारपर्यंत संकुलात एकच विषय. सेक्रेटरींनी सभासदांच्या पैशांतून स्वतःचा पुतळा उभारला. किंगफिशरमधल्या एकाने लिहिलं की गळती काढायला वेळ नाही, पुतळ्याला पोज द्यायला आहे. कोठावळेंनी तातडीची विशेष सभा पुढच्या रविवारी लावली. अकरा अंगठ्यांची आठवण तळवडेकरांनी नम्रपणे करून दिली, तर कोठावळे म्हणाले, अंगठा म्हणजे मेसेज मिळाला एवढंच, मंजुरी नव्हे.

इथपर्यंत निदान भांडण घोडबंदर रोडवरच होतं. पण त्या हाराच्या फोटोला पाय फुटले. कोणीतरी तो डोंबिवलीतल्या ओळखीच्याला पाठवला, तिथून तो तळवडेकरांच्या जुन्या सोसायटीत गेला. लांबून काढलेला फोटो, ब्राँझचा रंग काही कळत नव्हता. बाकावर बसलेला गुरुदत्त, मान कललेली, गळ्यात हार आणि समोर हात जोडून म्हातारी. डोंबिवलीकरांनी जो अर्थ काढायचा तो काढला. सोमवारी सकाळी दहाला दारावरची बेल वाजली. जुन्या शेजारणी चौघी, पांढऱ्या साड्यांत, डोळे पुसत उभ्या. दार तळवडेकरांनीच उघडलं. चौघींपैकी एक मटकन खालीच बसली. नलिनीने तिला पाणी दिलं, मग सगळ्यांना पोहे करून घातले, आणि त्या गेल्यावर नवऱ्याला म्हणाली की आता मोबाइल बंद ठेवू नका, नाहीतर लोकांना खात्रीच वाटेल.

तळवडेकर दोन दिवस फोनवर जिवंत असल्याचं सांगत राहिले. काहींना आनंद झाला. काहींच्या आवाजात, उगाच धावपळ केली, असा सूर लागला. खात्यातल्या जुन्या सहकाऱ्याने तर पेन्शनच्या ऑफिसला कळवूनही टाकलं होतं. तिथल्या माणसाने तळवडेकरांना शांतपणे सांगितलं, तुम्ही म्हणता ते खरं असेल, पण तसा दाखला आणा.

सगळ्यात मोठा घोटाळा गावी झाला. तळवडेकरांचा चुलत भाऊ दगडू गावात राहतो. त्याला बातमी कळली, इकडे फोन लागेना, कारण सगळं जग त्याच वेळी फोन करत होतं. दगडूने घरात सुतक धरलं आणि मुलीचा बुधवारी ठरलेला साखरपुडा पुढे ढकलला. तीन दिवसांनी खरं कळलं तेव्हा तो गुरुदत्त जिवंत आहे म्हणून आधी रडला आणि मग साखरपुडा मोडता मोडता राहिला म्हणून संतापला. मुलाकडची माणसं विचारत होती, की मयत झालं होतं की नव्हतं, एकदा नक्की सांगा. दगडू म्हणाला, मी येऊन डोळ्यांनी बघितल्याशिवाय आता कशावर विश्वास ठेवणार नाही.

विशेष सभेला कधी नव्हे त्या खुर्च्या कमी पडल्या. तळवडेकर फाईल घेऊन उभे राहिले. ठराव, कोटेशन, फोटो पुढे पाठवल्याची वेळ, सगळं क्रमाने. पण पुतळा तुमचाच कसा झाला, याचं उत्तर फाईलमध्ये नव्हतं. ते योगिनीने दिलं. ती वाहतूक गृहीत धरून पहाटेच निघून आली होती. ती म्हणाली, मी काकांची परवानगी घेतली होती. तिसऱ्या खेपेला विचारलं, काका, तुमच्यावरूनच केला तर चालेल?

“मग काय म्हणाले?” कोठावळेंनी विचारलं.

“म्हणाले, चालेल, पण लवकर पाहिजे. लोक तहानलेत इथे.”

तळवडेकरांनी डोळे मिटून घेतले. त्या दिवशी टँकर वेळेवर आला नव्हता. ते कानाला फोन लावून टँकरवाल्याशी बोलत होते आणि फोन लावलेला कान योगिनीच्या बाजूला नव्हता, त्यामुळे तिला फोन दिसलाच नव्हता. योगिनी पुढे सांगत होती, की मला वाटलं काका कलेबद्दल बोलतायत. मग ती म्हणाली, मला साधा, दमलेला माणूस सांगितला होता. तो समोरच येऊन बसत होता, मी दुसरा कुठे शोधायला जाणार?

सभेत कोणीतरी हसलं, पण फारसं कोणी साथ दिली नाही. तळवडेकरांना बरं वाटावं की वाईट, हे त्यांनाच कळेना. निर्दोष ठरत होतो, पण ते अशा पुराव्यावर. ते म्हणाले, माझ्यावर विश्वास नसेल तर मी आत्ता पद सोडतो, दुसरा सेक्रेटरी निवडा. कोठावळेंनी सभेला विचारलं, कोण तयार आहे? पहिल्या रांगेने दुसऱ्या रांगेकडे पाहिलं, दुसरीने तिसरीकडे. शेवटच्या रांगेतली तीन माणसं पाणी प्यायला बाहेर गेली. मग आरोप एकमताने मागे घेण्यात आला.

राहिला चेहरा. तो बदलायचा, यावरही एकमत होतं. नवं डोकं बसवायचं तर खर्च फार, म्हणून आहे त्यातच काहीतरी करायचं ठरलं. टोपी घालू, असं एकजण म्हणाला, पण कुठल्या रंगाची, यावर आवाज चढायला लागल्यावर टोपी काढून टाकली. चष्मा चोरीला जाईल. शेवटी उरली मिशी. तळवडेकर जन्मभर सफाचट, तेव्हा भरघोस मिशी लावली की ओळखणार कोण? योगिनी आधी तयार नव्हती, पण काकांनी हात जोडले तेव्हा हो म्हणाली.

मंगळवारी ती बागेत येऊन जागेवरच काम करून गेली. ओठावर पुट्टी भरली, केस कोरले, रंग दिला. तळवडेकर तिच्यासाठी थर्मासमधून चहा घेऊन खाली उतरले. चौथऱ्याजवळ आले आणि थांबले.

बाकावर आता आप्पा बसले होते.

आप्पा म्हणजे तळवडेकरांचे वडील. गावच्या शाळेत मास्तर होते, जाऊन अठरा वर्षं झाली. तीच भरघोस, टोकाला जरा खाली वळलेली मिशी, तीच शाळा सुटल्यावर घराच्या पडवीत येऊन बसल्यावरची मान. तळवडेकरांना आजवर कधी वाटलं नव्हतं की आपण वडिलांसारखे दिसतो. आप्पा त्यांना नेहमी म्हातारे वाटायचे. आता मोजून पाहिलं तर गेले तेव्हा आप्पांचं जितकं वय होतं, त्याच्या आसपास ते स्वतःच येऊन पोचले होते.

योगिनीने विचारलं, बरी झालीय ना काका, आता काही ओळखू येत नाही. ते म्हणाले, हो, उत्तम झालीय. आणि तिच्यासाठी चहा ओतला.

संध्याकाळी त्यांनी नलिनीला, चल, मिशी बघून ये, एवढंच सांगून खाली आणलं. लाल पट्ट्यावरून चालत ती चौथऱ्यासमोर आली, वर पाहिलं आणि तिचा हात आपोआप डोक्यावर पदर घ्यायला गेला. ड्रेस घातलेला होता, पदर नव्हताच. तिने ओढणीच चाचपली. मग ती हळूच म्हणाली की आप्पांनी जन्मात पँट घातली नव्हती, पण बरी दिसते.

तळवडेकरांची झोप उडाली. आधी स्वतःचा पुतळा, आता बापाचा. हे सभेला कळलं तर फाशीच देतील. सांगावं तर नवं वादळ, न सांगावं तर ज्याने छत्तीस वर्षांत एक कागद कधी लपवला नाही, त्या माणसाने एवढा मोठा बाप बागेच्या मधोमध लपवायचा. त्यांनी दोनदा कोठावळेंना फोन लावला आणि दोन्ही वेळा टँकरबद्दल बोलून ठेवून दिला. लोकांना मात्र मिशी पसंत पडली होती. मुलं पुतळ्याच्या शेजारी बसून फोटो काढत होती. आवडाबाई तर रोज संध्याकाळी त्याच बाकावर बसायला लागल्या होत्या आणि त्याच्याशी मयूरच्या तक्रारी करत होत्या.

शनिवारी दगडू आला. आधी त्याने गुरुदत्तला दोन्ही दंडांना धरून दाबून पाहिलं. मग म्हणाला, ज्याच्यापायी माझ्या पोरीचा साखरपुडा राहिला, तो पुतळा दाखव. तळवडेकरांनी पुष्कळ टाळलं, ऊन आहे म्हणाले, चावी नाही म्हणाले. शेवटी न्यावंच लागलं. दगडू रागारागात चौथऱ्याच्या पायऱ्या चढला, समोर उभा राहिला आणि त्याचा सगळा राग उतरून गेला. त्याने चपला काढल्या. वाकून ब्राँझच्या रंगाच्या पायांना हात लावला.

“गुरु, ह्ये तर आप्पाकाका रे. हंय खंय इले?”

आवाज बारीक नव्हता, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला आवडाबाई बसलेल्या होत्या. त्यांनी दगडूकडे पाहिलं, मग पुतळ्याकडे, मग तळवडेकरांकडे. तळवडेकर खाली मान घालून उभे राहिले. आता मयूरला कळणार, मयूरकडून कोठावळेंना, आणि उद्या परत खुर्च्या कमी पडणार.

“बाप हाय काय तुजा?” आवडाबाईंनी विचारलं.

“हो. पण मी मुद्दाम नाही केलं हो, आवडाबाई. मिशी लावली आणि झाले.”

आवडाबाईंनी बाकावरून खाली वाकून पाहिलं. मग हाताने जमीन दाखवून म्हणाल्या, इथेच शेताचा बांध होता, दुपारी माझा सासरा इथेच टेकायचा, असाच, एक पाय पसरून.

“बसू दे तुज्या बापाला. मी नाय सांगाची कोनाला.”

आणि खरोखरच त्यांनी कोणाला सांगितलं नाही. दगडू जेवून, साखरपुड्याची नवी तारीख सांगून परत गेला. जाताना त्याने पुतळ्याचे फोटो काढून घेतले, पण गावात दाखवताना हार नसलेलेच दाखवीन, असं कबूल केलं. पेन्शनच्या ऑफिसनेही दाखला मान्य केला. तळवडेकर पहिल्यांदाच रात्रभर झोपले. महिनाभर बागेबद्दल एकही तक्रार आली नाही. संध्याकाळी पाच मिनिटं खाली जाऊन ते वडिलांच्या शेजारी बसू लागले. फोन वाजला तर वाजू देत.

मग एक दिवस फेडरेशनकडे पत्र आलं, चारही इमारतींमधल्या पंचावन्न महिलांच्या सह्यांचं. बागेत येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायका आहेत, दिवसभर त्याही दमतात, मग बाकावर पुरुष एकटाच का? शेजारची जागा रिकामीच आहे, तिथे एक साधी बाई बसवावी. या वेळी हरकत घ्यायची कोठावळेंची हिंमतच झाली नाही. ठराव सात मिनिटांत मंजूर झाला. काम अर्थातच तळवडेकरांकडे आलं.

त्यांनी योगिनीला फोन केला आणि पहिल्यांदाच कानाला फोन नीट लावून, शब्द न शब्द ऐकला. ती म्हणत होती, काका, चेहऱ्यासाठी उगाच वणवण नको. काकूंना एकदा शेडवर घेऊन या. चहा पाजते, पाच मिनिटं टेकू दे त्यांना.

तळवडेकर स्वयंपाकघरात गेले. नलिनी पोळ्या करत होती. त्यांनी सगळं सांगितलं आणि ती चिडेल म्हणून दोन पावलं मागे सरून उभे राहिले. ती चिडली नाही. तिने तव्यावरची पोळी उलटली, फुगू दिली, उतरवली, आणि गॅस बारीक केला.

“आप्पांच्या शेजारी? एका बाकावर?” ती म्हणाली. “माझ्या लग्नानंतर सत्तावीस वर्षं ते होते. त्यांच्यासमोर मी एकदा खुर्चीवर बसलेली नाही हो.”

तळवडेकर म्हणाले, तू नको म्हण, मी योगिनीला दुसरी कोणीतरी बघायला सांगतो. नलिनीने पुढची पोळी लाटायला घेतली. ती गोल झाली, मोठी झाली, नेहमीपेक्षा जरा जास्तच पातळ झाली.

“दुसरी कशाला?” ती म्हणाली. “मीच जाईन. फक्त योगिनीला सांगा, मधे दोन माणसांची जागा सोड. आणि पदर दोन्ही खांद्यांवरून घे.”